बर्फाच्या गावातला मॅसी

आपल्या भागात थंडी पडू लागली की उसाचा हंगाम सुरू होतो. पहाटेच्या धुक्यात निपाणी-चिकोडी रस्त्याला दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर एकामागून एक लागतात. चढ आला की पुढची चाके आता उचलतात की काय, अशी धास्ती पाहणाऱ्यालाच वाटते. म्हणून कुणी बंपरला दगड बांधतो, कुणी वाळूची पोती टाकतो, तर कुणी सरळ एखाद्या पोराला पुढे बसवतो. ट्रॅक्टरला भार कुठे हवा आणि किती हवा, हा प्रश्न आपल्याकडे घराघरांतला आहे. त्याचा उलगडा मला झाला तो मात्र जिथे ऊस नाही, भाताची चिखलणी नाही, अशा एका बर्फाच्या मुलखात.

२०१८ च्या डिसेंबरात कॉलेजला सुट्टी लागली आणि मी भाच्याकडे अमेरिकेला गेलो. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण त्याच नावाचे राज्य शहराच्या उत्तरेला शेकडो मैल पसरले आहे, आणि तिथे गोठे आहेत, मक्याची शेते आहेत, सफरचंदाच्या बागा आहेत. भाचा सिराक्यूज शहरात नोकरी करतो आणि तिथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर, पुलास्की नावाच्या छोट्या गावाच्या पुढे राहतो. पश्चिमेला ऑन्टारिओ सरोवर आणि पूर्वेला टग हिल नावाचे पठार. सॅल्मन नदी याच पठारावरून उतरून सरोवराला मिळते. शरद ऋतूत तिथे मासे धरणाऱ्यांची जत्रा भरते म्हणतात. मी गेलो तेव्हा मात्र सगळीकडे पांढरे आणि सामसूम होते. पारा उणे पंधरावर.

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे या मुलखाबद्दल पुस्तकातून थोडेफार ठाऊक होते. कॅनडाकडून येणारा कोरडा, गारठलेला वारा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून वाहतो, वाफ उचलतो आणि पुढे टग हिलचा चढ लागला की सारी बर्फाच्या रूपाने टाकून देतो. आपल्या आंबोलीचेच हे गणित! अरबी समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीला अडतो, आंबोलीत धो धो कोसळतो आणि बेळगावात येईपर्यंत त्यातले थोडेच उरते. तिथेही तसेच. सिराक्यूज शहरात वर्षाला सरासरी दहा फूट बर्फ पडतो, पठारावर त्याहून कितीतरी जास्त. २००७ च्या फेब्रुवारीत ३ ते १२ तारखेच्या दरम्यान पठारावरच्या रेडफील्ड गावात १४१ इंच, म्हणजे पावणेबारा फूट बर्फ पडल्याची नोंद आहे. आणि गंमत म्हणजे हा बर्फ पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. इथे हात पुढे केला तर दिसत नाही, आणि चार मैलांवर लख्ख ऊन.

भाचेसून हुबळीची. घरात मराठी, कन्नड आणि मुलांपुरते इंग्रजी असा संसार. एका सकाळी खिडकीतून बाहेर पाहत मी म्हटले, "काय हा बर्फ!" त्यावर ती म्हणाली, "मामा, तुमच्या मराठीत सरबतात घालायचा तोही बर्फ आणि हा भुरभुरणाराही बर्फच. आमच्याकडे बघा, हे मंजु आणि गोठून दगड झाला की मंजुगड्डे." मी म्हटले, "आणि धुकंसुद्धा मंजुच ना तुमचं?" ती हसली. एक-एक बरोबरी झाली. पण पुढच्या आठवड्यात तिचे ते मंजु आणि मंजुगड्डे मला फार उपयोगी पडले, ते कसे ते येईलच.

तिथली एक पद्धत आधी सांगायला हवी. मोठा रस्ता साफ करणे हे सरकारचे काम, आणि ते चोख होते. रात्री-बेरात्री भलामोठा फाळ लावलेले ट्रक धडाडत जातात. पण रस्त्यापासून आपल्या दारापर्यंतची वाट आपली आपण मोकळी करायची. शहरात ती वाट दहा पावलांची असते. गावाकडे ती शंभर-दोनशे मीटर असू शकते. त्यात सरकारी ट्रक रस्ता साफ करता करता बाजूला फेकलेल्या बर्फाचा बांध नेमका आपल्या वाटेच्या तोंडाशी घालून जातो. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा हलका असतो, हा बांध मात्र दाबलेला, मीठ मिसळलेला, जड. तासाभरात तो घट्ट होऊन बसतो. तो उचलून परत सार्वजनिक रस्त्यावर ढकलायला कायद्याने बंदी. म्हणजे आतल्या अंगालाच कुठेतरी सारायचा. फावड्याने हे काम करताना दरवर्षी तिथे कित्येकांना हृदयविकाराचा झटका येतो.

भाच्याच्या शेजारी एक म्हातारे जोडपे राहते. पूर्वी त्यांचा गोठा होता, आता गाई नाहीत, नुसती लाकडी कोठी उभी आहे. भाचा त्या सत्तरी उलटलेल्या गृहस्थांना तिथल्या रिवाजाप्रमाणे नावाने हाक मारतो. माझ्या जिभेला ते काही जमेना. भाचेसून घरात त्यांना 'अज्जा' म्हणते, तेच मी उचलले. त्यांच्या पत्नीचे मूत्रपिंड निकामी झालेले. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाचला घरातून निघून डायलिसिसला जायचे. हे वेळापत्रक बर्फ पाहत नाही. ठेका देऊन वाट साफ करून घेता येते, पण ठेकेदाराच्या यादीत चाळीस घरे. तो आठ-नऊला उगवणार. म्हणून अज्जा पहाटे चारला उठून आपल्या जुन्या ट्रॅक्टरने वाट मोकळी करत.

तो ट्रॅक्टर पाहून मी थबकलोच. मॅसी फर्ग्युसन १३५! आमच्या थोरल्या दादाकडे टाफेचा मॅसी १०३५ आहे, त्याचाच हा मोठा चुलत भाऊ. तोच लाल पत्रा, तेच तीन सिलिंडर, सुरू होताना तोच खाकरण्याचा आवाज. १३५ हे मॉडेल १९६४ च्या अखेरीस आले आणि १९७५ पर्यंत निघत राहिले. अमेरिकेत ते डेट्रॉईटला बनत असे. आपल्याकडे चेन्नईत टाफे १९६० मध्ये मॅसी फर्ग्युसनच्याच सहकार्याने उभी राहिली, त्यामुळे ही नात्यागोत्याची भाषा काही अगदीच कविकल्पना नाही. मी दादाचा ट्रॅक्टर फोनमध्ये दाखवला तेव्हा अज्जांनी तो फोटो पत्नीलाही नेऊन दाखवला.

तर मी पोचण्याच्या आदल्या आठवड्यात असे झाले होते की एका शनिवारी पहाटे हा ट्रॅक्टर वाटेच्या चढावर, तोंडाशी साचलेल्या बांधापाशी, जागच्या जागी चाके फिरवत राहिला. मागे लावलेले पाते बांधाला टेकले की चाके नुसती गरगर फिरत. वाट मोकळी व्हायला दुपार झाली. डायलिसिस चुकले. रविवारी रात्री आजीबाईंना धाप लागली आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्यातून त्या निभावल्या, पण अज्जांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

आता कुणी म्हणेल, शेतात दोन फाळांचा नांगर ओढणारा ट्रॅक्टर भुरभुरीत बर्फापुढे हरतो कसा? इथेच खरी मेख आहे. या ट्रॅक्टरच्या नावातले फर्ग्युसन म्हणजे हॅरी फर्ग्युसन, आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी कामासाठी तो शेतोशेती फिरला आणि त्याच्या लक्षात आले की त्या वेळचे ट्रॅक्टर नांगर दोरीने बांधल्यासारखा नुसता मागे ओढतात. नांगर दगडाला अडला की मागची चाके जमिनीला धरून राहतात आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उठून तो चालवणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. अशी माणसे मेलीही होती. फर्ग्युसनने तीन सांध्यांची जोडणी काढली, जी आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे असते. खाली दोन दांडे, वर एक. नांगर जमिनीत शिरला की माती त्याला मागे आणि खाली खेचते. ती ओढ खालच्या दांड्यांतून मागच्या चाकांवर भार होऊन येते आणि वरचा दांडा पुढे रेटून ट्रॅक्टरचे तोंड खाली ठेवतो. म्हणजे ट्रॅक्टर हलका ठेवायचा आणि लागेल तेव्हा भार मातीकडून उसना घ्यायचा! १९३९ मध्ये हेन्री फोर्डबरोबर त्याने असा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्या दोघांच्या नुसत्या हस्तांदोलनावर झालेल्या कराराची आणि पुढच्या कोर्टकचेरीची कथा वेगळी आहे, असो.

पण बर्फ काही उसने देत नाही. बर्फ सारायचे पाते जमिनीवरून घसरत जाते, जमिनीत शिरत नाही. खाली खेचणारे कुणी नाही, म्हणून चाकांवर भार येत नाही. उलट कडक बर्फ लागला की पातेच वर चढते. या जुन्या जोडणीत पाते खाली दाबायची सोय नसते, ते केवळ आपल्या वजनाने खाली येते. म्हणजे मातीत शहाणा ठरलेला हलकेपणा बर्फात अंगाशी येतो. बर्फात जायचे तर आपला भार आपणच घेऊन जायला हवा.

एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच, हे किती जणांना ठाऊक असेल? त्यांनी चाकांभोवती रणगाड्यासारखे पट्टे बसवले होते. मी ही गोष्ट काढली तेव्हा अज्जा म्हणाले, "प्रोफेसर, हिलरीला गुरुवारी साडेपाचला कुठे पोचायचं नव्हतं."

कोठीच्या कोपऱ्यात, जुन्या गवताखाली, मागच्या चाकांना बसवायची ओतीव लोखंडाची वजने पडली होती. गाई होत्या त्या काळात ती कधीतरी वापरली होती. जात्याच्या तळीसारखी गोल, मध्ये भोक, प्रत्येकावर १५० हा आकडा उमटलेला. म्हणजे १५० पौंड, आपले ६८ किलो. अशी चार. रविवारी भाचा, मी आणि अज्जा कामाला लागलो. माझे काम मुख्यतः दिवा धरण्याचे आणि सांगतील ते देण्याचे होते.

आधी ट्रॅक्टर कोठीत सपाट काँक्रीटवर उभा केला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावल्या, किल्ली काढून अज्जांनी खिशात टाकली. लोखंडी ब्रशने गंज खरवडला. चाकाची तबकडी आणि वजन यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा किंवा बर्फाचा खडा राहिला तर वजन नीट बसत नाही आणि बोल्ट हळूहळू सैल होतात. वजन हाताने उचलायचे नाही, यावर अज्जा ठाम होते. त्यांच्या डाव्या हाताचे एक बोट पेराएवढे आखूड आहे. कसे, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तुळईला साखळीची पुली टांगली, वजन पट्ट्यात घेऊन वर चढवले, एक लांब बोल्ट आधी नुसता वाट दाखवायला भोकात सरकवला आणि मग वजन चाकाच्या अंगाला आणले. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, चूल मांडताना दगड जसे फिरून फिरून बसवावेत तसे. एकेका चाकावर दोन-दोन. सगळे मिळून २७२ किलो.

या ट्रॅक्टरचे वजन साधारण दीड टन; त्यातले नऊशे-साडेनऊशे किलो मागच्या चाकांवर. म्हणजे पकडीला उपयोगी पडणारा भार पाव हिश्शाहून थोडा अधिक वाढला. मी विचारले, मागे नुसती दगडांची पेटी टांगली असती तर? अज्जा म्हणाले, पुढे बादली लावून बर्फ उचलायचा असता तर तेच केले असते, कारण पुढच्या ओझ्याला मागून तोल द्यावा लागतो. पण मागे पाते असताना आणखी मागे ओझे टांगले तर पुढची चाके हलकी होतात आणि ट्रॅक्टर वळतच नाही. चाकाला जोडलेले वजन सरळ टायरमधून जमिनीवर जाते. आसावर त्याचा ताण नाही, आणि ते खाली असल्यामुळे ट्रॅक्टर डगमगत नाही.

आपल्याकडे टायरमध्ये पाणी भरतात, तिथे ते गोठेल. म्हणून पूर्वी कॅल्शियम क्लोराईडचे द्रावण भरत. ते गळले की रिम खाऊन टाकते. अज्जांची एक रिम अशीच गेलेली. अलीकडे लोक काय भरतात, ओळखा पाहू! बीटाचा रस. म्हणजे बीटापासून साखर काढून झाल्यावर उरणारा काळपट पातळ पाक, आपल्या मळीचा सावत्र भाऊ. तो कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, लोखंडाला गंजवत नाही आणि पाण्यापेक्षा सव्वापट जड. अशा ट्रॅक्टरच्या एका टायरात सुमारे दीडशे लिटर मावतो. साखर कारखान्यांच्या मुलखातून गेलेल्या मला याचे फार अप्रूप वाटले. पण टायरवाल्याची गाडी येऊन ते काम करायला पंधरा दिवस लागणार होते, आणि गुरुवार तीन दिवसांवर आला होता. मंगळवारी हवा कोरडी होती म्हणून निभावले.

वजनांनी सगळे भागते असे नाही. इथेच मंजु आणि मंजुगड्डे आठवायचे. मऊ बर्फावर भार वाढवला की टायरचे दात खोल रुततात आणि खालची जमीन पकडतात. पण वाटेच्या चढावर टणक, काचेसारखा बर्फ धरला होता. त्यावर नुसता भार म्हणजे गुळगुळीत फरशीवर जड कपाट, ढकलले की सरकते. तिथे टायरवर लोखंडी साखळ्याच हव्यात. साखळी काचेत ओरखडा काढते आणि वजन तिला दाबून धरते, दोघांची जोडी. साखळ्या चढवल्यावर त्या मडगार्डला घासत तर नाहीत ना, हे चाक फिरवून पाहिले.

मग अज्जांनी जे सांगितले ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. चाक घसरते हा ट्रॅक्टरचा दोष आपण समजतो, पण तीच त्याची सुटकेची वाट आहे. ओझे झेपेना झाले की हलका ट्रॅक्टर जागीच चाके फिरवतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. भार वाढवून, साखळ्या घालून ती वाट बंद केली की सगळा ताण गिअर, क्लच आणि आसावर येतो. पन्नास वर्षांच्या लोखंडाने तो किती सोसावा? आणि चाक अजिबातच हलेनासे झाले, इंजिन मात्र जोर करते आहे, तर मग ट्रॅक्टर स्वतःच मागच्या आसाभोवती फिरून उलटतो. तोंड उठू लागल्यापासून परतीची वेळ निघून जायला एक सेकंदही लागत नाही. क्लचवर पाय जाईपर्यंत उशीर झालेला असतो. फर्ग्युसनने ज्या मरणाला आळा घातला, तेच मरण आपण लोखंड बांधून परत बोलावतो. म्हणून अज्जांनी सीटमागे लोखंडी कमान बसवून घेतली आहे, पट्ट्यासह. जुन्या ट्रॅक्टरांना अशी कमान बसवायला न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून अनुदान मिळते. शिवाय पुढे बंपरवरही त्यांनी दोन वजने अडकवली आणि गिअर पहिला, थ्रॉटल कमी, हा नियम भाच्याकडून तीनदा म्हणून घेतला. कारण आता पहाटे भाचाही ट्रॅक्टरवर बसणार होता.

बुधवारी संध्याकाळी सरोवराकडून भिंत चालून यावी तसा बर्फ आला. पहाटे चारला उठलो तेव्हा गुडघ्याच्या वर साचला होता. इंजिन गरम व्हायला दहा मिनिटे, मग साखळ्यांचा खळखळाट. अज्जा चढावर थांबून हातानेच खुणा करत होते, ट्रॅक्टरवर भाचा. वाट सरली, आणि शेवटी तो बांध. भाच्याने पाते उलटे फिरवून ट्रॅक्टर मागे घेत बांधाला लावला. चाके एकदा गरगरली, साखळीने ठिणगी टाकली आणि मग बांधाचा एक मोठा तुकडा, कापलेल्या खरवसासारखा, आत सरकला. पूर्ण मोकळा करायला नऊ-दहा खेपा लागल्या. एकदाच सगळा ढकलायचा मोह भाच्याला झाला असणार. अज्जांनी दुरूनच हात आडवा केला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे दहा मिनिटे उशिरा, त्यांची गाडी रस्त्याला लागली. आजीबाईंनी काच खाली करून हात हलवला. तासभर चाललेल्या ट्रॅक्टरचे नट परत आवळायचे असतात, ते भाच्याने गाडी दिसेनाशी होण्याआधीच सुरू केले.

त्या रात्री दादाला फोन लावला. तिकडे सकाळ, तोडणी चालू. मी सगळे सविस्तर सांगितले, फर्ग्युसन, उसना भार, कमान. दादा मध्ये एकदाच "होय की" म्हणाला. मग बराच वेळ गप्प. आमच्या ट्रॅक्टरच्या बंपरवर चढाला कोण बसतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. चालकाचा धाकटा, सातवीतला.

"ते लोखंड तिकडं किलोवर देतात की नगावर रे?" दादाने विचारले.

मी म्हटले, इथून आणायची काय गरज, संकेश्वरला मिळतील. त्याने चार दिवसांनी पुढची वजने आणून बसवलीच, आणि दुसरा ट्रेलर चढाच्या पायथ्याशी सोडून दोन खेपांत वर न्यायला सुरुवात केली. खेप वाढली म्हणून चालक कुरकुरतो. पोरगा शाळेला जातो.